मुहूर्ताचा प्रोसेसर

आमच्या घरात कुठलीही वस्तू गरज पडली म्हणून कधी आली नाही. ती भाव उतरला म्हणून आली, नाहीतर मुहूर्त होता म्हणून. हुपरीतल्या चांदीच्या घरात दुसरं काही होणार तरी काय? अण्णा, म्हणजे आमचे वडील, सकाळी चहाच्या आधी कोल्हापूरला फोन लावून चांदीचा भाव विचारायचे आणि त्यावर घराची दिवसभराची हवा ठरायची. पुढच्या खोलीत पैंजणं घडायची, मागच्या खोलीत आई त्यांना घुंगरू लावायची. मधल्या खोलीत दादाच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला कॉम्प्युटर होता.

त्यावर दादानं अभ्यास किती केला ते त्याचं त्याला ठाऊक. आम्ही दोघं बहीणभाऊ गाड्यांची शर्यत मात्र रोज खेळायचो. कीबोर्ड एकच, बाणांची बटणं माझी, डावीकडची अक्षरं त्याची. हरायला लागला की तो कोपरानं माझा हात ढकलायचा आणि मी बोंब ठोकून आईला बोलवायचे. तसलं सुख मला पुढं फारसं मिळालं नाही, हे सरळ सांगून टाकते.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. दादाच्या मित्रानं त्या शर्यतीच्या नव्या खेळाची सीडी दिली. आमच्या कॉम्प्युटरवर तो सुरू व्हायचा, पण वळण आलं की गाडी थबकायची, आणि पुन्हा हलायची तेव्हा थेट कठड्यात घुसलेली असायची. दादा म्हणाला, प्रोसेसर बदलायला हवा, आणि नवा प्रोसेसर जुन्या बोर्डावर बसत नाही, म्हणजे बोर्डही नवा. त्याच सुमाराला त्याला बंगलोरची नोकरी लागली. दिवाळी झाली की निघायचं. माझा जीव तिथं अडकला होता. तो जायच्या आत ती शर्यत मला त्याच्याशी पुरी खेळायची होती.

अण्णा आम्हाला घेऊन एसटीनं कोल्हापूरला गेले. मंगळवार पेठेतल्या एका बोळात कॉम्प्युटरचं दुकान होतं. दुकानदारानं प्रोसेसर दाखवला, भाव सांगितला आणि वर म्हणाला, "पर पावणं, खरं सांगू का? नवा माल येणार हाय. थोडं थांबलासा तर ह्येचा भाव पडतोय बघा."

झालं! गिऱ्हाइकाला थांबा म्हणणारा दुकानदार अण्णांना जन्मात पहिल्यांदा भेटला होता. ते त्याच्या प्रेमातच पडले. दादा रस्ताभर कुरकुरला, "अण्णा, ह्यात कायम नवा माल येतच ऱ्हातोय. थांबायचं म्हटलं तर जन्मभर थांबावं लागंल."

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," अण्णा म्हणाले.

मग रोज सकाळी दोन फोन सुरू झाले. आधी चांदीचा भाव, मग प्रोसेसरचा. शेजारचे कारागीरही विचारायला लागले, "आज काय म्हणतोय तुमचा प्रोसेसर?" भाव इकडून तिकडं थोडा हलला की अण्णा खुलायचे, म्हणायचे, अजून उतरंल. मला रडू यायचं. गणपती आले आणि गेले, घट बसले, आणि मी मनातल्या मनात दिवाळी पुढं ढकलत होते.

दसऱ्याला मात्र अण्णा स्वतःहून उठले. आमच्याकडं रीत आहे, भाव कसाही असो, मुहूर्ताला गुंजभर तरी घ्यायचं, उरलेलं मागाहून भाव बघून. त्या रीतीनं ते कोल्हापूरला गेले आणि नुसता प्रोसेसर घेऊन आले. बोर्ड नाही. गुलाबी कागदात गुंडाळलेला प्रोसेसर देवापुढं ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि चांदीशेजारी तिजोरीत ठेवून दिला.

"बोर्डाबिगर ह्येचं काय करू मी? पैंजणात बसवू?" दादा ओरडला.

"मुहूर्त साधला की. बोर्डाचा भाव उतरू दे."

चारच दिवसांत बंगलोरहून निरोप आला, लगेच हजर व्हा. दादा दिवाळीआधीच गेला. स्टँडवर त्यानं माझ्या डोक्यात टपली मारली. एसटी वळली आणि मी अण्णांच्या शेजारी उभी राहून, त्यांच्याशी एक शब्द न बोलता घरी आले. कितीतरी दिवस बोलले नाही.

पुढं दर फोनवर अण्णांचं एकच. "आलास की बोर्ड घेऊ." दादा दिवाळीला यायचा, अण्णा म्हणायचे, "आत्ता भाव चढा हाय, पुढल्या खेपंला." वर्षं गेली. दर खंडेनवमीला हातोड्या, सांडशी, कातऱ्या पाटावर मांडल्या जायच्या आणि त्यांच्या शेजारी तो प्रोसेसरही यायचा. त्याच्यावर झेंडूचं फूल बघून पाहुणे हसायचे, आणि आतल्या आत मी धुमसायचे.

अशाच एका खंडेनवमीला दादा घरी होता. पूजा आवरताना मी बोलून गेले, "आता ह्याला कुणी भंगारातसुद्धा घेणार नाही. तेव्हाच बोर्ड आणला असता तर निदान आम्ही खेळलो तरी असतो."

अण्णांनी प्रोसेसर उचलला, धोतराच्या सोग्यानं कुंकू पुसलं. "बोर्ड आणला असता," ते हळूच म्हणाले, "तर ही कॉम्प्युटरची पेटीच उचलून बंगलोरला न्हेली असती ह्येनं. काय तरी अर्धं ऱ्हायलेलं असलं की माणूस घरला येतंय."

दादा उठून बाहेर गेला तो संध्याकाळीच आला. कोल्हापूरच्या त्याच दुकानाच्या माळ्यावरून त्यानं जुना बोर्ड शोधून आणला होता. धुळीनं माखलेला, पण चालू. रात्रीच्या जेवणाआधी त्यानं सगळं जोडलं. प्रोसेसर अलगद बसला. आम्ही दोघं एका कीबोर्डवर बसलो, एव्हाना माझी बोटं जाड झाली होती, त्याचे केस विरळ. वळण आलं आणि गाडी थबकली नाही. मी किंचाळले, त्यानं कोपर मारलं.

अण्णा मागं उभे होते. आमच्यासारखेच हसत होते, पण हळूहळू त्यांचं हसू उतरलं.

"म्हंजे आता झालं व्हय पुरं?" त्यांनी विचारलं.

दादानं बटणांवरचा हात काढला. त्याची गाडी कठड्यात गेली. वळून अण्णांकडं बघत तो म्हणाला, "न्हाय अण्णा. रॅम घ्यायची हाय अजून. भाव उतरू दे."