बनुबाईची तीट

बनुबाई नापास झाली आणि आता सरकार तिला उचलून केडगावला नेऊन टाकणार, ही बातमी पारनेरजवळच्या आमच्या वस्तीवर चुलीवरचा चहा उकळायच्या आत फिरली. शेजारच्या छबूबाईनं तर डोळे पुसून, बनुबाईची पितळी परात आपल्याला मिळंल का, याचा अंदाजही घेतला.

खरं तर सरकारचा काही संबंध नव्हता. नगरच्या एका कॉलेजातली रुचा म्हाताऱ्या माणसांचा चिवटपणा मोजत हिंडत होती. आजारपण, पडझड, दुःख आलं की माणूस किती लवकर पुन्हा उभं राहतं आणि तब्येतीशी त्याचा काय मेळ बसतो, हे तिला पाहायचं होतं. बनुबाई हिवाळ्यात गोठ्यात घसरून मनगट मोडून घेतलेली, म्हणजे आयतीच सापडली.

ती पडल्यापासून मुलगा हर्षल मागं लागला होता, "शेळ्या विक, कुलूप लाव अन् केडगावच्या फ्लॅटवर चल."

"चवथ्या मजल्यावर शेळी चढत न्हाई," एवढंच तिचं उत्तर. म्हणून तिनंच रुचाला बजावलं, "माजा जो काय आकडा निगंल, तो हर्षलला फोनवर सांग." आकडाच पोराचं तोंड बंद करील, असा तिचा हिशेब.

तो फसला. रुचानं विचारलं, "आजी, संकट आलं तर तुम्ही लवकर सावरता का? नेहमी, कधीकधी, की कधीच नाही?"

"कसलं सावरतंय बाय! दिवस ढकलायचे."

रुचानं 'कधीच नाही'वर खूण केली.

"अंगात ताकद वाटते?"

"हाडं मसनात निगाल्यात."

हे सांगताना ती प्लास्टरच्या हातानं शेळी दाबून धरून दुसऱ्या हातानं धार काढत होती. पण आपल्याकडं कुणी स्वतःच्या तोंडानं 'मी ठणठणीत' म्हणतं का? दृष्ट लागायची. सहादेव एकदा पारावर तसं बोलला आणि त्याच संध्याकाळी त्याला विंचू चावला. तेव्हापासून तब्येत विचारली की सगळी वस्ती कण्हूनच उत्तर देते.

आकडा खाली आला. हर्षलनं शेळ्यांना गिऱ्हाईक बघितलं.

"परत मोजा म्हनावं!" बनुबाई फोनवर कडाडली.

"पावसाळ्याआधी मोजणारच आहेत, खुर्चीतून उठणं अन् मुठीचा जोरही. आकडा चढला तर राहा. नाहीतर मी टेम्पो आणतो."

"व्हय, आन!"

प्लास्टर निघालं तसं तिनं मनावर घेतलं. छबूबाईची प्लास्टिकची खुर्ची आणून, हात न टेकता उठायचं, बसायचं. ओली गोधडी पिळून मनगटाला जोर आणायचा. पहिली भाकरी पारनेर तालुक्याच्या नकाशासारखी झाली, तीही तिनं मुकाट खाल्ली. दुखलं की ओठ आवळायची, पण गोधडी सोडायची नाही.

सहादेव कुंपणावरून ओरडला, "बनुबाई, पोलीस भरतीला चाललीस का काय?"

"व्हय. पैला तुलाच आत घालनार हाय."

रुचा आली त्या दिवशी हर्षलही टेम्पो घेऊन हजर. मुठीचा जोर मोजायचं यंत्र बनुबाईनं असं आवळलं की काटा दचकला. खुर्चीवरून ती हात न टेकता उठली. मग तोच प्रश्न आला, सावरता का? 'नेहमी' म्हणावं तर दृष्ट लागायची, न म्हणावं तर दारात टेम्पो उभा.

छबूबाईला राहवेना. "मी सांगते की!"

"नाही मावशी, ज्याचं त्यानंच सांगायचं," रुचा म्हणाली.

बनुबाई उठली. चुलीपाशी जाऊन तव्याच्या बुडाला बोट घासलं, तान्ह्या लेकराला लावतात तशी गालावर ठसठशीत काळी तीट लावली आणि परत येऊन बसली.

"आता इचार."

"संकटातून सावरता का, आजी?"

"नेहमी."

"अंगात ताकद?"

"लई! लिव लवकर, तीट निघायच्या आत."

रुचाला हसू आवरेना, पण तिनं खुणा केल्या, बेरीज मांडली आणि हर्षलकडं बघून म्हणाली, "दादा, आकडा बराच चढलाय."

हर्षलनं टेम्पोकडं पाहिलं, मग आईकडं. ती पदरानं गाल पुसत होती.

"म्हणजे आई, आता खरंच बरी आहेस ना?"

"कसलं बरं, लेका! आज हाय, उद्या न्हाई. टेम्पो मोकळाच ने, शेळ्या हितंच ऱ्हात्यात."