दादा देतो, वहिनी घेते

आमचा दादा शर्टांच्या कारखान्यात मशीन मेकॅनिक. जन्मभर त्याने एकाच गोष्टीचा प्रचार केला: ‘टेन्शन घ्यायचं नाही!’ स्वतःच्या लग्नाला हा बाबा दोन तास उशिरा पोचला आणि वर म्हणतो, “टेन्शन कसलं? माझ्याशिवाय लग्न थोडंच लागणार होतं?”

टेन्शन येतं, वाढतं, कुणी देतं, कुणी घेतं. आमच्या घरात त्याची सरळ वाटणी झालीय. दादा देतो, वहिनी घेते. गॅस संपला, पोराचा शाळेचा फॉर्म राहिला, आईच्या गोळ्या संपल्या, की दादा पेपर वाचत बसतो आणि वहिनी पायात चपला सरकवून धावते. वर शेजारणी तिलाच म्हणतात, “तुम्ही ना, फार टेन्शन घेता बाई! जरा यांच्याकडून शिका.” माझं तर डोकंच सणकतं.

वहिनी त्याच कारखान्यात चौदा वर्षं कॉलर शिवतेय. मी शेजारच्या टेबलावर बटणं लावते. गेल्या महिन्यात सुपरवायझरची जागा निघाली. अर्ज शनिवारी पाचच्या आत मॅनेजरसाहेबांकडे पोचायला हवा होता. वहिनीने तीनदा कच्चा लिहिला, मग छान अक्षरात पक्का केला आणि सोमवारी दादाच्या हाती दिला. मेकॅनिक दिवसातून चारदा ऑफिसात जातो, आम्हाला मात्र जागेवरून उठायची चोरी.

मंगळवारी सकाळी तिने विचारलं, “अर्ज दिलात का हो?”

“टेन्शन घेऊ नकोस. माझ्या खिशात आला म्हणजे साहेबांच्या टेबलावर गेलाच समज.”

बुधवारी विचारलं, गुरुवारी विचारलं. तेच उत्तर, आणि वर “किती गं टेन्शन घेतेस!”

शनिवारी साडेचारला वहिनीची बॉबिन घरंगळत टेबलाखाली गेली. ती घ्यायला वहिनी वाकली ती वाकलेलीच राहिली. तिचं टेबल डुगडुगत होतं म्हणून दादाने मंगळवारी दुपारी पायाखाली कागदाची घडी सारली होती. मेकॅनिक लोकांची ही जुनी खोड. खिशात हात घालायचा, लागेल तो कागद दुमडायचा आणि ठोकायचा पायाखाली. घडीच्या कडेला वहिनीचंच अक्षर दिसत होतं: ‘तरी नम्र विनंती की’.

चार दिवस बिचारी स्वतःच्याच अर्जावर टेबल टेकवून कॉलरी शिवत होती!

मला वाटलं, आता रडणार. कसली रडतेय! मी टेबल उचलून धरलं, तिने घडी उपसली आणि तेलाच्या डागांसकट, पायाच्या गोल ठशासकट ती घेऊन तरातरा जिना चढली. मीही मागोमाग गेले.

“हे काय?” साहेबांनी विचारलं.

“माझा अर्ज, साहेब. टेबलाच्या पायाखाली होता. आमच्या ह्यांनी ठेवला होता.”

पुढच्या बुधवारी वहिनी सुपरवायझर झाली. तक्रारवहीत पहिलीच नोंद तिने केली: ‘कॉलरचे टेबल डुगडुगते. कागद कोणाचा व का वापरला, याचा मेकॅनिकने उद्या सकाळपर्यंत लेखी खुलासा द्यावा.’

संध्याकाळी दादा कोरा कागद पुढ्यात घेऊन पेन चावत बसला होता. “अगं, लिहू तरी काय यात? खरंच सांगतो, मला टेन्शन आलंय.”

वहिनी पेपर वाचत होती. तिने मान वर केली नाही.

“घ्या की मग थोडं,” ती म्हणाली. “इतकी वर्षं मी एकटीच घेतेय.”