मंगलची खुर्ची शोकेससाठी नव्हती

गेल्या रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, सिविल लाइंसच्या एका हॉलमध्ये, प्रमुख पाहुणे माझ्या मेलेल्या बहिणीच्या खुर्चीत बसले.

फोटोसाठी.

मंगल व्हीलचेअर बास्केटबॉल खेळायची. तिरप्या चाकांची ती खुर्ची तिच्या मापाने बनवलेली. श्रद्धांजली सभेत आयोजकांनी ती स्टेजवर ठेवली, हार घालून. पाहुण्यांनी हार काढला, बसले, चाक फिरवून हसले. "अरे, ये तो बहुत मुश्किल है!"

टाळ्या.

समोर मंगलची टीम होती, तिच्याविरुद्ध खेळणारी सिहोरा गावची टीमही होती. त्यांच्यातल्या एकीनेही टाळी वाजवली नाही. माना खाली, हात आपापल्या चाकांवर.

त्यांच्यात न विचारता कुणी कुणाच्या खुर्चीला हात लावत नाही. खुर्ची म्हणजे अंग.

एकदा मॅचमध्ये मंगलच्या धडकेने सिहोऱ्याची कविता खुर्चीसकट आडवी झाली. लोक ओरडले, "उठाओ बेचारी को!" मीही धावले. मंगलने कोर्टाच्या कडेलाच अडवलं.

"ताई, थांब! काहून धावून राहिली? तिनं बोलावलं का तुला?"

मग कविताशेजारी जाऊन नुसती थांबली. वर चिडवलं, "आराम ही करना था तो घर पे करतीं!"

कविता पडल्यापडल्या हसली. "अब दो हाथ, दीदी."

तेव्हा मंगलने हात दिला.

त्याच दिवशी मंगलने पाहिलं, कविताची खुर्ची दवाखान्यातली. इतकी रुंद, की दोन्ही बाजूंना टॉवेल कोंबून ती खेळायची. दोघींचं माप जवळपास सारखं. शेवटच्या आजारात मंगल म्हणाली, "ताई, माझी खुर्ची कविताला दे. आणि देताना भाषण नको."

मी ती आयोजकांना एका सकाळपुरती दिली. चूक माझी.

सभेनंतर कविताला घेऊन आयोजक संस्थेच्या सचिवांकडे खुर्ची मागायला गेले. म्हणाले, "मैडम, अब ये तो प्रेरणा है. ऑफिस में काँच में रखेंगे."

जिच्यासाठी खुर्ची होती, ती समोर बसली होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

बाहेर कविता मला म्हणाली, "रहने दो दीदी, झगड़ा मत करो." आणि रिकाम्या हाताने सिहोऱ्याच्या बसला गेली.

ती भली आहे. मी नाही.

सचिव महोदय, तुम्ही हे वाचून राहिले आहात, मला माहीत आहे. येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत लेखी उत्तर हवं. खुर्ची कोणत्या दिवशी सिहोऱ्याला पोचवता, आणि पाहुण्यांना तिच्यात कुणाला विचारून बसवलंत. फोनवरचं "मैडम जी, मैडम जी" चालणार नाही. खाली सही पाहिजे.

पत्र माझ्या नावाने नको. कविताच्या नावाने लिहा.

आज मंगलला जाऊन एक महिना झाला.

जा गं मंगल, सुखाने जा. भांडायला मी आहे.