अनंताच्या मातीला ताप

आमच्या सरोजला एखादा प्रश्न पडला की घरात कुणाची धडगत नसते. दोहात, अल नस्र भागातल्या या फ्लॅटमध्ये आम्हाला एकोणीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तिने 'का' म्हटलं नाही असा एक दिवस मला आठवत नाही. इडलीचं पीठ एसीत का फुगत नाही, वॉचमनची मांजर दुसऱ्याच मजल्यावर का थांबते. मी म्हणतो, असू दे ना बाई. पण ऐकेल तर शपथ.

या जूनमधला प्रश्न अनंताचा होता. सूक वाकिफच्या बाजाराजवळून आणलेलं हातभर रोप, हॉलमध्ये खिडकीशी कुंडीत. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत वीस. आमच्या हॉलमध्ये बारमाही महाबळेश्वर. त्या गारठ्यातही झाडाने सात कळ्या धरल्या आणि सरोज हरखली. कारण खालच्या मजल्यावरच्या रुचाला सातवा महिना होता आणि तिला डोहाळे लागले होते ते अनंताच्या वासाचे. नाशिकला तिच्या माहेरच्या दारात झाड होतं, दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना ते गेलं. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे शुक्रवारच्या डोहाळजेवणाला तीही येऊ शकत नव्हती. "शुक्रवारी फूल मी देते तुला," सरोजने शब्द देऊन टाकला.

आणि कळ्या गळायला लागल्या. एकेक कळी पिवळी पडायची, देठाशी सैल व्हायची, की टपकन खाली. सातच्या चार झाल्या. पहिला संशय अर्थातच एसीवर. माझी नोकरीच इमारती थंड ठेवायची, त्यामुळे घरातल्या गारठ्याचा आरोपी मी. सरोजने झोत दुसरीकडे वळवला, एसी चोवीसवर नेला आणि रिमोट पर्समध्ये घालून क्लिनिकला कामावर जायला लागली. मी चिडलो, पण सांगतो कुणाला. कळ्या दोन राहिल्या.

"अहो, तुमचा तो टोचायचा थर्मामीटर आणा ना ऑफिसातून," ती म्हणाली. आणला. सकाळी माती चोवीस. दुपारी तीनला ती घरी आली, पुन्हा टोचला, तर पस्तीस. दुसऱ्या दिवशीही तेच.

"सगळं घर गार, मग एकट्या मातीलाच ताप कसा येतो?" ती कुंडीसमोर मांडी घालून बसली. आवाजात राग नव्हता, नुसतं कुतूहल.

माझ्या मात्र लगेच लक्षात आलं. दुपारी जेवायला घरी आलो की बाल्कनीतल्या नळाचा तांब्या भरून मीच झाडाला पाणी घालत होतो, तिला बरं वाटावं म्हणून, न सांगता. जूनमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका देतं. आंघोळीलासुद्धा आम्ही बंद ठेवलेल्या गीझरमधलं पाणी घेतो, कारण ते घरात राहून निवलेलं असतं. इथे नव्याने आलेल्या प्रत्येकाला ही युक्ती मीच फुशारकीने शिकवतो.

सांगून टाकलं. सरोज कुंडीकडून माझ्याकडे वळली. "म्हणजे रोज दुपारी तुम्ही मुळं उकडत होतात?" मग ती हसायला लागली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण तो मंगळवार होता आणि आता एकच कळी उरली होती.

त्यानंतर फक्त गीझरचं पाणी, तेही फुलपात्रभर. बुधवारी कळी तशीच. गुरुवारी जरा फुगली. शुक्रवारी सकाळी अर्धी उमलली. तोडायचा धीर दोघांनाही होईना, म्हणून मी कुंडीच उचलून खाली नेली. लिफ्टमधला झोत लागू नये म्हणून सरोज वरून ओढणी धरून.

हिरव्या साडीतल्या रुचाने फुलाला नाक लावलं ते बराच वेळ काढलंच नाही. समोर टेबलावर फोन उभा केला होता, त्यात तिची आई.

"आपल्यासारखाच आहे का गं वास?" आईने विचारलं.

रुचाने डोळे पुसले आणि फोन उचलून फुलाजवळ नेला. काहीतरीच काय, असं मी म्हणणार होतो. तेवढ्यात तिकडे नाशिकला त्या बाईंनी डोळे मिटले आणि मोठा श्वास घेतला.