मामाने घडवलेले आर्म

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. त्या दिवसाचं काम एकच होतं: लेकीच्या ड्रिफ्टच्या गाडीसाठी मागचे आर्म निवडायचे. पुढच्या रविवारी तिची स्पर्धा होती, आणि गाडी मागची चाकं काढून स्टँडवर उभी होती.

मी कळंबोलीत ट्रकच्या कमानपाट्यांचं, म्हणजे भार झेलणाऱ्या लोखंडी पाट्यांचं, दुकान चालवते. नवरा हिशेब बघतो, मी माल बघते. त्यामुळे लेकीने निवड माझ्यावर टाकली. "आई, लोखंडातलं तुला कळतं. तू सांगशील ते बसवीन." तिला वाटलं, ती मला मान देतेय. मला त्या क्षणापासून जेवण गेलं नाही.

ड्रिफ्ट म्हणजे मागची चाकं मुद्दाम घसरवायची आणि आडवी झालेली गाडी ताब्यात ठेवून वळणातून न्यायची. मी एकदाच बघायला गेले होते. भाड्याने घेतलेलं मोकळं यार्ड, एका बाजूला काँक्रीटची भिंत. तिच्या गाडीची शेपटी त्या भिंतीला जवळजवळ पुसून गेली. आजूबाजूचे टाळ्या वाजवत होते. घरी आल्यावर माझे दात दुखायला लागले, तेव्हा कळलं की मी सगळा वेळ जबडा आवळून बसले होते.

बंदी घातली नाही. घातली असती तर ती मला न सांगता गेली असती. सांगून जाते तोवर निदान गाडीखाली काय बसतंय ते मला ठाऊक असतं.

आर्म म्हणजे मागच्या चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा दांडा. कंपनीचा आर्म ठरलेल्या लांबीचा असतो. गाडीची उंची कमी करून ती खाली बसवली की चाकं वरून आत कलतात आणि टायर एकाच कडेला घासतो. म्हणून आटे पाडलेला आर्म लावतात. तो फिरवून लांबी कमी-जास्त करायची, चाक हवं तसं उभं करायचं, मग ती लांबी हलू नये म्हणून चेक नट आवळायचा. सोयीची गोष्ट आहे. पण गाडी आडवी असताना हा दांडा तुटला, तर ते चाक कुणाच्याच ताब्यात राहत नाही.

आर्मच्या दोन जोड्या समोर होत्या. एक खारघरच्या गॅरेजमध्ये आलेली बाहेरची. दुसरी माझ्या धाकट्या भावाने स्वतः घडवलेली.

भाऊ आमच्या माहेरी, विचुंब्याला असतो. जमिनीचे पैसे आल्यावर त्याने शेती सोडली, पण बैल सोडले नाहीत. शर्यतीचे छकडे तो स्वतः बांधतो, आणि त्याचा छकडा हलका असतो हे सगळे मान्य करतात. शुक्रवारी तो दोन्ही आर्म पंच्यात गुंडाळून घेऊन आला. लाल रंग, आरशासारखी चमक.

"हात फिरव ताई. कुठं जोड लागतो का?"

फिरवला. लागत नव्हता.

"सगळा ग्राइंडरनी साफ केलाय. वजन पण बघ. बाजारातला याच्या दीडपट भरंल."

लेक हसली. "मामा, बैलांना बांधायचा नाहीये हा."

"बैल बरे. मामाचं ऐकतात तरी. आमी भाचीसाठी चार दिवस खपलो, आन् ही बाहेरच्या डब्यातलं बघतेय."

मी चहा टाकायला उठले. माझा चेहरा दोघांनाही दिसायला नको होता.

आमच्या धंद्यात नवा माल सगळाच चांगला दिसतो. पाटा कसा आहे ते तुटलेला पाटा सांगतो. म्हणून शनिवारी दुपारी मी खारघरला गेले आणि गॅरेजवाल्याला म्हटलं, "नवा नको. परत आलेला दाखवा."

"परत कोण आणतं मॅडम?"

"आपटलेला असेल ना एखादा."

तो जरा घुटमळला, मग मागून एक घेऊन आला. धनुष्यासारखा वाकलेला.

"भिंतीला बसला होता. गिऱ्हाइकांना आम्ही हे दाखवत नाही."

"चालवणारा?"

"उतरून आला चालत. शिव्या देत."

मी तो उजेडात धरला. टोकाला वेल्डिंगची जाड वळी तशीच ठेवलेली, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक. दिसायला ओबडधोबड. दांडा वाकला होता, पण वळी कुठेही सुटली नव्हती. नव्या जोडीची वळी त्याच्याशी ताडून बघितली. तशीच होती. जोडी ठेवून द्यायला सांगितलं आणि निघाले.

आता भावाचा उरला. त्याचा परत आलेला आर्म कुठे मिळणार? तो पहिल्यांदाच घडवत होता.

संध्याकाळी गिऱ्हाईक संपल्यावर लेकीला दुकानात बोलावलं. पाट्यांच्या टोकांत बुश दाबून बसवायला आमच्याकडे हायड्रॉलिक प्रेस आहे. मी भावाचा एक आर्म दोन ठोकळ्यांवर आडवा ठेवला.

"आई, थांब. गाडीत असा दाब येत नाही. तिथे लांबीच्या दिशेने खेच असते."

"चाक भिंतीला आपटलं की?"

ती म्हणाली, "मामाला काय सांगणार?"

"मागे सरक."

मी प्रेसचा दांडा मारायला लागले. आर्म वाकेल, थोडा तरी वाकेल, असं मी मनातल्या मनात घोकत होते. वाकला असता तर भावाचा मान राहिला असता आणि मला पुन्हा विचार करता आला असता. तो वाकला नाही. गाडीत जिथे जोर येईल तिथेच, आट्यांचा तुकडा नळीला जोडलेला होता तिथे, कट्ट आवाज झाला आणि टोक वेगळं होऊन जमिनीवर पडलं. जोर फारसा लागलाच नव्हता.

मी टोक उचललं. वेल्डिंग बरं होतं, हे सांगायला हवं. पण वजन कमी करायला आणि हाताला जोड लागू नये म्हणून भावाने वळी घासून काढली होती, आणि जोडाची ताकद त्या वळीतच होती. उरला होता तो कागदासारखा पापुद्रा. छकडे बांधणारे छकड्याचा दांडा असाच घासतात. छकडा मोडला तर गडी उडून गवतात पडतो, कपडे झटकतो आणि पुन्हा उभा राहतो.

लेकीने ते टोक माझ्या हातातून घेतलं, बराच वेळ उलटसुलट केलं. "मी उद्या हेच बसवणार होते," ती म्हणाली. "तू काही बोलली नसतीस तर."

मी प्रेसचा दाब सोडला आणि उरलेला तुकडा खाली काढला.

"खारघरवाले आणू," मी म्हटलं.

"ते तुटणार नाहीत?"

"ते मला माहीत नाही. वाकतील, एवढं बघितलंय."

तिने तुटलेलं टोक माझ्या हातात परत दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरातलं कुणी उठायच्या आत, मी दुकान उघडलं. भावाचा दुसरा आर्म शाबूत होता, आणि शाबूत होता तोवर मला भीती वाटत होती. घाईच्या वेळी कुणीही तो उचलून बसवला असता. शिकंज्यात धरला आणि कटरने मधोमध कापला. मग सगळे तुकडे गोणपाटात घालून विचुंब्याला गेले.

भाऊ बैल धूत होता. मी तुटलेलं टोक त्याच्या हातावर ठेवलं. त्याने अंगठा फिरवला.

"कुणी तोडला?"

"मी. प्रेसवर."

"मला इचारलं नाय."

"विचारलं असतं तर दिला असतास?"

"नाय." त्याने पापुद्रा नखाने खरवडला. "दुसरा कुठं हाय?"

"कापला."

तो वळला. बादली उचलून बैलाच्या पाठीवर पाणी ओतत राहिला. त्याने चहा विचारला नाही, आणि माहेरी असं पहिल्यांदाच झालं. मी गाडीत बसले आणि तिथून थेट खारघरला गेले. गॅरेजचं शटर अजून खाली होतं. जोडीचे पैसे दिले नव्हते; दुसऱ्या कुणी ती उचलू नये म्हणून पायरीवर बसून राहिले.