पीटची साधी वाट

पीट समोरोडिन 'थोडं' म्हणाला की गावातली माणसं त्याला तिनाने गुणायची. गावात दातांचा डॉक्टर नवीन आला होता तेव्हा त्याने पीटला विचारलं, नदीकडच्या रस्त्याने गाडी जाईल का? पीट म्हणाला, थोडा चिखल आहे. डॉक्टरची गाडी दारांपर्यंत चिखलात रुतली, ट्रॅक्टर लावून ओढावी लागली, आणि गावाने वेड्यात काढलं ते डॉक्टरलाच. पीटला विचारलंस ते ठीक, पण त्याचं ऐकून तसंच खरं धरलंस? कमाल आहे बाबा तुझी!

स्लोकन नदीच्या त्या काठाला बहुतेक घरं जुन्या रशियन वंशाच्या लोकांची. पणजोबांनी देवाच्या नावाने बंदुका जाळल्या आणि बायकापोरांसह कॅनडा गाठला. मांस नको, दारू नको, बंदूक नको आणि बढाई नको, असा त्यांचा दंडक. पुढच्या पिढ्यांनी पहिल्या तिन्हींत हळूहळू सवलत घेतली. बढाईचं मात्र कडक राहिलं. पीटची आजी बीटचं सार, म्हणजे बोर्श्ट, असं करायची की शेजारच्या घरातली माणसं वासाने उठून यायची, आणि वाढताना म्हणायची, आज काही जमलं नाही हो. पीट लहानपणी शाळेतलं बक्षीस मिरवत घरी आला तर तिने त्याला दारातच थांबवलं होतं. काम केलंस ना, मग तोंड कशाला वाजवतोस, म्हणाली. ते त्याच्या हाडीमाशी असं काही खिळलं की पासष्टी उलटली तरी निघालं नाही.

एकतीस वर्षं तो लाकूड कापायच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडली आणि त्याच वर्षी बायको गेली, लुशा. एका वर्षात काम आणि बायको दोन्ही गेल्यावर माणसाने करायचं तरी काय? पीटने कुदळ उचलली. घरामागच्या डोंगरावर लुशा दर उन्हाळ्यात जांभळ्या रानबेरी वेचायला जायची, तिच्या पायांनी पडलेली एक पायवाट होती. ती झुडपांनी बुजायला लागली होती. ती बुजू नये एवढंच पीटच्या मनात होतं.

पण हात थांबेनात. पीटला सायकलचा नाद जुना. गिरणीतले चारपाच जण सुट्टीच्या दिवशी जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगर उतरायचे, त्यांतला तो एक. त्यामुळे लुशाच्या वाटेला हळूहळू सायकलीची वळणं आली. पाणी साचेल तिथे चर. वळणाच्या बाहेरच्या अंगाला मातीचा चढ, सायकल आत झुकावी म्हणून. ओढ्यावर सीडरच्या लाकडाच्या फळ्यांचा पूल, फळ्या स्वतः फोडलेल्या. दगड बादलीतून वाहिले. अकरा वर्षं! शेवटी शेवटी गुडघे गेले, तेव्हा सायकल सुटली, पण कुदळ सुटली नाही. वाटेच्या खालच्या अंगाला एक सपाट खडक होता, दोन पुरुष शेजारी निजतील एवढा. तो संपला की खाली माणसाच्या उंचीइतकी नुसती पोकळी, आणि मग सीडरच्या दोन झाडांच्या मधोमध पीटने रचलेला मातीचा उतार. खडकावरून सायकलसकट उडायचं आणि त्या उतारावर उतरायचं. ती उडी पीटने एकट्याने तीन उन्हाळे घालून बांधली. ती पाहून जाणत्यांची तोंडं बंद व्हायची.

त्या भागात अशा वाटा परवानगीशिवायच होतात, आणि त्यांची एक रीत असते. पहिली तीस पावलं साफ करायची नाहीत, वर तोडलेल्या फांद्या टाकायच्या, म्हणजे रस्त्यावरून कोणाला वाटेचं तोंड दिसत नाही. ज्याला दाखवली त्याने फोन गाडीत ठेवून यायचं, आणि एक रविवार फावडं धरायचं. खोदील तो चालवील. अशी तीसेक माणसं होती. पहिल्यांदा येणाऱ्याने विचारलं, वाट कशी आहे, तर पीट म्हणायचा, साधीच आहे, खाली एक छोटीशी उडी आहे. मग बाकीचे त्या नवख्याच्या कानात सांगायचे, पीट छोटी म्हणाला ना, मग खडकाच्या अलीकडे उतर, चालत जाऊन बघ आणि मग काय ते ठरव. अकरा वर्षांत एकाचंही हाड मोडलं नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडायला लागली त्या वसंतात.

एप्रिलमध्ये पीट वर गेला तर झाडांना गुलाबी फिती बांधलेल्या. गिरणीत जन्म काढलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. येत्या हिवाळ्यात या उतारावरची झाडं तोडायची होती. फिती मोजत तो ओढ्यापर्यंत आला आणि तिथे पुलावर बसला. पुलाच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना फिती होत्या.

तो तडक टीना होर्कॉफकडे गेला. टीनाचं सायकलींचं दुकान, सायकल क्लबही तीच चालवायची, आणि लहानपणापासून पीटला काका म्हणायची. तिने चौकशी केली. जंगल खात्याचं म्हणणं असं की नोंद झालेल्या वाटेच्या दोन्ही बाजूंची झाडं राखता येतात. पण वाट आहे आणि लोक तिच्यावर जातात हे दिसायला हवं, आणि ते बघायला आजकाल ते सायकलवाल्यांचं ॲप उघडतात. त्यात सगळ्या डोंगरांच्या वाटा रेघांनी काढलेल्या असतात. सोपीला हिरवा, मधलीला निळा, अवघडला काळा.

"ॲपवर नाही ती वाट त्यांच्या लेखी नाहीच, काका," टीना म्हणाली.

पीटने चार दिवस जाऊ दिले. पाचव्या दिवशी त्याने तोंडावरच्या फांद्या स्वतः ओढून बाजूला केल्या, शर्टाच्या खिशात फोन ठेवला आणि वाट वरून खाली चालला. ॲपने रेघ काढली. घरी येऊन स्वयंपाकघराच्या टेबलाशी चष्मा लावून तो एकेक रकाना भरत बसला. नाव? लुशाची वाट. वर्णन? साधी वाट आहे. खाली एक छोटीशी उडी. मग रंग.

हिरवा म्हणजे सरळ खोटं झालं असतं. काळा खरा होता, ते त्यालाही कळत होतं. पण बायकोच्या नावाशेजारी आपल्याच हाताने काळी खूण करायची, म्हणजे बघा हो, मी केवढं बांधलंय, असं चव्हाट्यावर उभं राहून ओरडायचं. एकटाच होता घरात, तरी त्याचे कान तापले. त्याने निळा दाबला.

नवी वाट नकाशावर चढायच्या आधी क्लबने तपासायची असते. टीनाने ती उघडली, निळा रंग बघितला, 'छोटीशी उडी' वाचलं आणि दुकानात एकटीच हसली. म्हणाली, आमचे काका म्हणजे ना! आणि मान्य करून टाकलं. तीही गावातलीच. तिने ते गावासारखंच वाचलं.

उन्हाळ्यात माणसं यायला लागली. जूनमध्ये चाळीस, जुलैत तीनशे. पीट रोज सकाळी चहा घेऊन ॲप उघडायचा आणि लोकांनी काय लिहिलंय ते वाचायचा. न्यूझीलंडच्या कोणी लिहिलं होतं, ज्याने ही बांधली त्याच्यापुढे वाकावंसं वाटतं. पीटने फोन पालथा ठेवला आणि उगाच खिडकी पुसायला उठला. मग पुन्हा येऊन वाचलं. एकदोघांनी लिहिलं, ही निळी? थट्टा करता काय! ते वाचून त्याला राग आला नाही, काळजीही वाटली नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. स्वतः न बोलता लोक बोलत होते. आजीनेसुद्धा एवढं चालवून घेतलं असतं.

ऑगस्टमध्ये खात्याचा माणूस येऊन वाट पायी बघून गेला. भला माणूस होता. पुलावर उभा राहून त्याने विचारलं, फळ्या कोणी फोडल्या? जाताना म्हणाला, ऑक्टोबरच्या बैठकीत मी राखायच्या बाजूने बोलेन. पीटने त्या दिवशी लुशाच्या फोटोसमोर, त्यांच्या लोकांच्या रीतीने, पाव आणि मीठ ठेवलं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो उडीच्या खालच्या वळणावर चर साफ करत होता. वरून टायरांचा आवाज आला. खडकावर आला की आवाज बदलतो, मग उडीत थांबतो, मग उतारावर पुन्हा लागतो. हे तीन आवाज पीटला पाठ होते. तिसरा आलाच नाही.

तो वर धावला, त्या गुडघ्यांनी. बाई सीडरच्या मुळाशी पडली होती, सायकल फांदीत अडकली होती. शुद्धीत होती. "माझे पाय कुठे आहेत?" तिने विचारलं. पाय तिथेच होते, नीट, चिखलाचे बूट घातलेले. पीटने आपला कोट तिच्या अंगावर घातला, फोनवरून मदत बोलावली आणि लोक येईपर्यंत तिचा हात धरून बसला. झोळीतून तिला खाली न्यायला चार तास लागले. आपण बांधलेल्या पुलावरून आठ माणसं ती झोळी नेताना त्याने बघितली. पूल जरासुद्धा हलला नाही.

तिचं नाव ग्रेटा हॉल्वर्सन, वय चौतीस, कॅमरोझच्या शाळेत गणित शिकवायची. आठवडाभर त्या भागातल्या निळ्या वाटा चालवत होती. एकही उतरून बघावी लागली नव्हती.

वाट त्याच दिवशी बंद झाली. टीना रडली, म्हणाली, मी मान्य केलं, दोष माझा आहे. मग डोळे पुसून कामाला लागली. रंग बदलू, खडकापाशी पाटी लावू, वळसा घालणारी बाजूवाट काढू. खात्याचा माणूस अजून आपल्या बाजूचा आहे, पण बैठकीत बांधणाऱ्याने स्वतः उभं राहून सांगायला हवं, ही वाट मी बांधली आणि ही राखण्याजोगी आहे. एवढी दोन वाक्यं, काका. पीट म्हणाला, बघतो.

बैठकीच्या आदल्या दिवशी तो केलोनाला इस्पितळात गेला. बटाट्याचं सारण भरलेले पिरही स्वतः भाजून, फडक्यात बांधून नेले होते. ग्रेटा चाकांच्या खुर्चीत खिडकीशी बसली होती.

"तुम्हीच ना माझा हात धरला होता?" ती म्हणाली.

"हो. वाटही मीच बांधली."

तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली. रागावली असती तर पीटला सोपं गेलं असतं. "मग तुम्हालाच विचारते," ती म्हणाली. "ती खरंच निळी आहे का? मी रोज तोच विचार करते. निळ्या वाटेवर मी अशी कशी पडले? माझं काय चुकलं?"

"तुमचं काही चुकलं नाही. ती काळी आहे. पहिल्या दिवसापासून काळी."

"मग निळी का लिहिलीत?"

पीटने सांगायचा प्रयत्न केला. आजीचं सांगितलं. आपल्या कामाला आपणच मोठं म्हणू नये, अशी आमच्यात रीत आहे, म्हणाला. मी साधी म्हटलं की गावात सगळ्यांना कळतं, उतरून बघायचं. दातांच्या डॉक्टरचंसुद्धा सांगितलं, आणि सांगता सांगताच त्याला कळलं की ही गोष्ट इथे सांगायची नव्हती. ग्रेटाने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पण मी तुम्हाला ओळखत नव्हते ना," ती म्हणाली.

पीटने गाठोडं पुढे केलं. तिने पिरहींचं फडकं मांडीवर ठेवून घेतलं आणि आभार मानले. चार तास गाडी चालवत तो घरी आला.

दुसऱ्या दिवशी तो बैठकीला गेला नाही. टीनाने फोन केले, माणूस पाठवला, पीटने दार उघडलं नाही. वाट मी बांधली, हे पहिलं वाक्य त्याला सांगता आलं असतं. दुसरं कोणत्या तोंडाने सांगणार? टीना एकटीच बोलली. खात्याच्या माणसाने विचारलं, बांधणारा कुठे आहे? आणि मग त्यालाही पुढे बोलण्यासारखं काही राहिलं नाही.

जानेवारीत यंत्रं आली. पीट घरात बसून ऐकायचा. कुठलं झाड पडलं ते त्याला पडण्याच्या आवाजावरून कळायचं. शेवटचे दोन मोठे सीडर पडले तेव्हा खिडकीतली काच वाजली. त्याच संध्याकाळी त्याने ॲप उघडून निळ्याचा काळा करायला घेतला, तर वाट अस्तित्वात नाही, बदल करता येत नाही, असं लिहून आलं. लुशाची मूळ पायवाटही तिच्यातच होती. तीही गेली.

मे महिन्यात एक नवराबायको गाडीच्या टपावर सायकली बांधून त्याच्या अंगणात आले. दोघं हसरी होती. फोनमध्ये मागच्या उन्हाळ्यात उतरवून ठेवलेला नकाशा होता. घरामागून एक निळी वाट वर जाते ना, त्यांनी विचारलं. पीटने हाताने डोंगर दाखवला. वरपर्यंत तोडलेल्या झाडांचे बुंधेच बुंधे.

"अरेरे," बाई म्हणाली. "कशी होती हो वाट?"

'ठीकच होती' हे पीटच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

"काळी होती," तो म्हणाला. "फार अवघड होती. आणि फार चांगली होती. या खोऱ्यात तशी दुसरी नव्हती."

नवऱ्याने फोनकडे बघितलं, मग पीटकडे. "पण इथे तर लिहिलंय, साधी वाट आहे."

"ते मीच लिहिलंय," पीट म्हणाला.