मुक्काम वेगळा, पोस्ट वेगळं

बुधवार, १२ नोव्हेंबर. मेथी निवडायला घेतली होती. इथे इंग्लंडात, रीडिंगमध्ये, चांगली मेथी रोज मिळत नाही. मिळाली की मी दोन-तीन जुड्या उचलते आणि मग निवडत बसते. लॅपटॉप किचनच्या टेबलावरच उघडा होता, कारण पाच वाजता कॉल होता. इथले पाच म्हणजे तिकडे अमेरिकेत सकाळ. नवरा चहा घेऊन वर जाताना म्हणाला, "तुझी अमेरिका उठली बघ. मेथीत माती ठेवू नकोस."

माझं काम सांगायला सोपं आहे. हॉस्पिटलात कोणाला संसर्गजन्य आजार निघाला की त्याची खबर आरोग्य खात्याला द्यावी लागते. पूर्वी ती फॅक्सने जायची, आता हॉस्पिटलचा कॉम्प्युटर आपोआप पाठवतो. कोणत्या खात्याला पाठवायची, हे पेशंटच्या पत्त्यावरून ठरतं. ते ठरवणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी तपासते. यंदा आमच्याकडे अमेरिकेतल्या एका आदिवासी जमातीचं काम आलं. त्यांची स्वतःची जमीन आहे, स्वतःचं आरोग्य खातं आहे, आणि आपल्या माणसांच्या आजाराची खबर मिळण्याचा त्यांना हक्क आहे. ती मिळत नव्हती.

त्या खात्याकडून कॉलवर एक नर्स यायची, साधारण माझ्या वयाची. मी रीडिंगला राहते हे सांगून झालं होतं, तरी ती लंडनमध्ये पाऊस आहे का असंच विचारायची. आहे म्हटलं की म्हणायची, थोडा इकडे पाठव, खबर तर पाठवत नाहीस.

खबर का पोचत नाही ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि त्यात काही हुशारी नव्हती. त्यांच्या वस्त्यांवर पोस्टमन येत नाही. जवळच्या शहरात प्रत्येकाची पोस्टाची पेटी असते, तिथून लोक टपाल आणतात. हॉस्पिटलात पत्ता विचारला की पेटीचा नंबर सांगतात. शहर जमातीच्या हद्दीबाहेर, म्हणून सॉफ्टवेअर खबर राज्य सरकारला पाठवून मोकळं. माझं माहेर विदर्भातल्या लहान गावचं. आमच्या पत्त्यात मुक्काम वेगळा, पोस्ट वेगळं; लग्नपत्रिकेवरसुद्धा दोन्ही छापतात. माणूस राहतो कुठे आणि त्याचं पत्र येतं कुठे, या दोन गोष्टी आहेत हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. इथे पत्त्याला जागा एकच होती. मी मुक्कामासाठी दुसरी जागा करून घेतली आणि खबर तिच्यावरून पाठवायला लावली.

तपासायला एखादी केस लागते. ती नर्सनेच दिली, नावं बदलून. साठीची आजी, डांग्या खोकला, शहरातल्या हॉस्पिटलात निदान. तिची खबर राज्याकडे गेली आणि तिथून फिरत फिरत नर्सकडे आली, तोवर घरातलं तान्हं बाळ गेलं होतं. त्याचं लस घेण्याचं वयही झालं नव्हतं. वेळेवर कळलं असतं तर ती त्याच दिवशी औषधं घेऊन त्या घरी गेली असती, एवढंच ती म्हणाली होती. दोष कोणालाच दिला नाही.

त्या बुधवारी खबर पहिल्यांदाच तिच्या स्क्रीनवर यायची होती. मी हात पुसून बटण दाबलं.

"आली," ती म्हणाली. मग तिने ती वाचून दाखवली: वय, आजार, वस्ती, घराकडे जायची वाट, पाण्याच्या टाकीपुढे डावीकडे. मी खूश होते. आम्ही प्रत्येक केस तीनदा चालवून बघतो, म्हणून मी परत पाठवली. परत आली. तिसऱ्यांदा पाठवणार, तोच ती म्हणाली, "थांब."

मी थांबले.

"ही आली की माझा हात गाडीच्या किल्लीकडे जातो. दोन्ही वेळा गेला. अजून वेळ आहे, निघालं तर पोचू, असं वाटतं."

मी निवडलेली मेथी उगाच चाळत राहिले.

"एवढी केस काढून टाकशील? दुसरी कुठलीही घाल."

काढते म्हणाले. निरोप घेताना तिने पाऊस आहे का विचारलं. थांबलाय, मी म्हणाले.

नवरा खाली आला तेव्हा जुड्या अर्ध्या तशाच पडल्या होत्या. सॉफ्टवेअर चाललं का, त्याने विचारलं. चाललं, अगदी बरोबर चाललं, मी म्हणाले. त्याने माझ्याकडे बघितलं, मेथी पेपरात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली आणि स्वतःच कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिकडे सगळे झोपलेले असताना, मी आजीची केस काढली आणि नवी घातली. बाई माझ्या वयाची, आजार तोच. मुक्काम त्यांच्या हद्दीतला, पोस्ट शहरातलं. घराकडे जायची वाट मात्र माझ्या माहेरची लिहिली: हातपंपापासून उजवीकडे, शाळेच्या मागे. त्या वाटेने तिकडून गाडी काढून कोणाला जाता येणार नाही. घरात आणखी कोण राहतं, तिथे 'कोणी नाही' असं भरलं. तीनदा चालवली, तिन्ही वेळा खबर बरोबर पोचली. मग लॅपटॉप सरकवला आणि उरलेली मेथी निवडायला घेतली.